तबकडीचें स्तोम

एका पिढीनें जी वस्तु अडगळीच्या खोलींत टाकली ती पुढच्या पिढीनें झाडूनपुसून दिवाणखान्यांत आणावी, हा प्रकार नवा नाहीं. तांब्याचे बंब, पितळी पानडबे, पाडलेल्या वाड्यांचे नक्षीदार खांब यांना हा मान पूर्वींच मिळाला आहे. आतां पाळी ग्रामोफोनच्या तबकडीची आली आहे. यांत कोणीं रागवावें असें कांहीं नाहीं. ज्याला हौस आहे आणि हौसेचें मोल देण्याची ऐपत आहे, त्यानें तबकड्या खुशाल जमवाव्या, सुई पुसावी, आणि तबकडी फिरतांना ती डोळे भरून पाहावी. परंतु हौस ही हौस म्हणून न राहतां तिचा सिद्धांत होऊं लागला, म्हणजे त्या सिद्धांताची तपासणी करणें भाग पडतें. व्हायनिलच्या तबकडींत नाद जिवंत असतो आणि अंकीय, म्हणजे डिजिटल, ध्वनिमुद्रणांत तो मेलेला असतो; तबकडीवर ऐकतो तो रसिक आणि मोबाइलवर ऐकतो तो नुसता गिऱ्हाईक; आणि आपल्या रागसंगीताला तर तबकडीवांचून न्यायच मिळत नाहीं: अशीं विधानें आज चांगलीं सुशिक्षित माणसें, व त्यांत आमचे प्राध्यापकबंधुहि, निःशंकपणें करीत असतात. या तीन विधानांपैकीं पहिलें असत्य आहे, दुसरें उद्दाम आहे आणि तिसरें तर वस्तुस्थितीच्या नेमकें उलट आहे, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आकडे पाहतां ही लाट लहान नाहीं. अमेरिकेंत १९८७ नंतर प्रथमच २०२२ सालीं व्हायनिलच्या तबकड्यांचा खप कॉम्पॅक्ट डिस्कच्या खपाहून अधिक झाला. त्या वर्षीं तेथें सुमारें ४ कोटी १० लाख तबकड्या आणि ३ कोटी ३० लाख डिस्क विकल्या गेल्या. तिकडे जें चलनी होतें तें इकडे यावयास वेळ लागत नाहीं. मुंबई-पुण्याकडेहि नव्या छापाची एकेक तबकडी हजारों रुपये मोजून घेणारी मंडळी आतां दिसूं लागली आहेत. खप हा मात्र सत्याचा पुरावा नव्हे. म्हणून एकेक विधान हातीं घेऊन पाहूं.

पहिल्या विधानाच्या मुळाशीं एक चित्र आहे. तबकडीवरील खांच ही अखंड वळत जाणारी रेषा आहे. अंकीय यंत्र मात्र नादाचे तुकडे करतें, त्या तुकड्यांच्या मधलें जें कांहीं असेल तें हरवतें, आणि गोलाईदार लहरीच्या जागीं जिन्याच्या पायऱ्या उरतात, असें तें चित्र होय. चित्र मोठें पटण्याजोगें आहे. दोष एवढाच कीं तें खरें नाहीं. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर नादाचें मोजमाप दर सेकंदाला ४४,१०० वेळां घेतलेलें असतें. नाइक्विस्टनें १९२८ सालीं ज्याची दिशा दाखविली आणि शॅननने १९४९ सालीं जें रीतसर मांडलें, त्या गणिती प्रमेयाप्रमाणें, एखाद्या नादांतील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळां मोजमाप घेतलें तर त्या मोजमापांवरून मूळ लहर, मधल्या प्रत्येक क्षणासह, संपूर्णपणें पुन्हा उभी करतां येते. वर्तुळाच्या परिघावरचे तीन बिंदु दिले कीं तें वर्तुळ पुरतें ठरून जातें. उरलेला परीघ आपण अंदाजानें काढला असें शाळेंतला मुलगाहि म्हणत नाहीं. तसेंच हें आहे. यंत्रांतून बाहेर येते ती लहरच येते, पायऱ्या नव्हेत. माणसाच्या कानाची मजल, तीहि तारुण्यांत, सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांपर्यंत जाते. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्यासारख्यांचा कान तर त्याच्या पुष्कळ अलीकडेच थांबतो. आणि तबकडींतील ‘अतिसूक्ष्म’ नादाची ग्वाही देणारांत माझ्याच वयाची मंडळी फार, हें नमूद करून ठेवण्यासारखें आहे.

प्रमेय कितीहि खरें असलें तरी कानाला कांहीं वेगळें जाणवत असेल, असें कोणी म्हणेल. त्याचीहि परीक्षा झालेली आहे. मेयर व मोरॅन या दोघां अमेरिकन संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कॉम्पॅक्ट डिस्कहून वरच्या प्रतीचें ध्वनिमुद्रण एकदां जसेंच्या तसें, आणि एकदां डिस्कच्या मापाच्या यंत्रांतून काढून, श्रोत्यांना ऐकविलें. श्रोत्यांत केवळ सामान्य लोक नव्हते; ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय करणारेहि होते. कोणतें कोणतें हें अर्थातच त्यांना सांगितलेलें नव्हतें. अशी परीक्षा ५५४ वेळां झाली आणि त्यांपैकीं २७६ उत्तरें बरोबर आलीं. नाणें उडवून उत्तरें दिलीं असतीं तरी जवळजवळ एवढींच बरोबर आलीं असतीं.

याहून बोलका पुरावा तबकडीच्या बाजारानेंच पुरविला. कॅलिफोर्नियांतील ‘मोबाइल फिडेलिटी’ ही कंपनी जुन्या मूळ फितींवरून उंची तबकड्या काढते. तिच्या कांहीं तबकड्यांची किंमत सव्वाशें डॉलर असे, आणि अंकीय यंत्राचा स्पर्शहि न झालेल्या शुद्ध नादाचा नमुना म्हणून शोकीन मंडळी त्या दाखवीत. २०२२ सालच्या जुलै महिन्यांत असें उघडकीस आलें कीं, २०११ पासून यांतील कित्येक तबकड्या मूळ फितीची अंकीय प्रत करून त्या प्रतीवरूनच कापल्या जात होत्या. तोंवर दहा-अकरा वर्षें गेलीं. एवढ्या काळांत एकाहि तीक्ष्ण कानाच्या रसिकाला त्या तबकड्यांत ‘मेलेला’ नाद ऐकूं आला नाहीं. उलट त्यांच्या जिवंतपणाचें कौतुक चाललें होतें. बातमी फुटल्यावर मात्र लोक रागावले आणि कोर्टांत गेले. ग्राहकाला अंधारांत ठेवल्याचा राग रास्तच होता. पण ज्यांना दशकभर फरक कळला नाहीं त्यांनीं फरकावर तत्त्वज्ञान उभारूं नये, एवढें तरी यावरून ठरावयास हवें होतें. तसें झालें नाहीं. सिद्धांताला जेव्हां पुराव्याची गरज उरत नाहीं तेव्हां त्याला श्रद्धा म्हणतात; आणि श्रद्धेनें ध्वनिशास्त्राचा वेष घेऊं नये, एवढेंच माझें म्हणणें आहे.

मग तबकडीवर ऐकतांना जी एक ‘ऊब’ जाणवते म्हणतात ती खोटी काय? ती खोटी नाहीं. पण ती गायकाच्या गळ्यांतली नव्हे, यंत्राची आहे. तबकडी कापतांना खर्जाकडचे नाद मुद्दाम क्षीण करावे लागतात, नाहींतर खांचा एकमेकींत घुसतील. वरचे नाद वाढवावे लागतात, नाहींतर ते खरखरींत बुडतील. ऐकतांना यंत्र हें सर्व उलटें करून पुन्हा बेरजेला आणतें. या देवघेवींत, सुईच्या घर्षणांत आणि तिच्या सूक्ष्म कंपांत मूळ नादांत नसलेलें कांहींतरी मिसळतें. तें कानाला गोड लागत असेल. चुलीवरच्या दुधाला लागलेला धुराचा वास पुष्कळांना आवडतो, आणि त्या आवडीला माझा विरोध नाहीं. मात्र धूर हा गाईनें दिलेला नाहीं, हें त्यांनीं ध्यानांत ठेवावें.

प्रतिपक्षाच्या म्हणण्यांत तथ्यांश आहे तो येथेंच मान्य करतों. एखादी जुनी तबकडी तिच्याच मागून निघालेल्या डिस्कपेक्षां पुष्कळ चांगली वाजते, असा अनुभव खरा आहे. याचें कारण असें कीं, आपलें गाणें दुसऱ्याच्या गाण्याहून मोठ्यानें वाजावें या चढाओढींत अलीकडच्या कित्येक मुद्रणांत हळू आणि मोठा यांतील अंतरच चेपून टाकलेलें असतें. तसेंच, फाइल लहान करण्याच्या हव्यासांत नादांतील कांहीं भाग कायमचा गाळून टाकणारी एम्. पी. थ्रीसारखी रीत जेथें कंजूषपणें वापरलेली असते, तेथें तंबोऱ्याच्या जवारीचा भुगा होतो, हेंहि खरें. पण हे दोष कंपन्यांच्या लोभाचे व आळसाचे आहेत, अंकांचे नव्हेत. हिशेबनिसानें चोरी केली म्हणून अंकगणित अप्रामाणिक ठरत नाहीं.

आतां तिसरें विधान घेतों, कारण तेंच आपल्याला अधिक जवळचें आहे. आपल्या संगीतास तबकडीनेंच न्याय दिला, असें म्हणणारांनीं त्या न्यायाची हकीकत एकदां आठवावी. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें ध्वनिमुद्रण झालें तेव्हांपासून जवळजवळ अर्धें शतक आपलें गाणें लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर, म्हणजे साधारण तीन-सवातीन मिनिटांत, कोंबावें लागत होतें. ज्या ख्यालाचा विलंबित भागच मैफलींत पाऊण तास चालावयाचा त्याची आलापी, बोल, ताना, सारें तीन मिनिटांत! अब्दुल करीमखांसाहेबांचीं १९३० नंतरच्या दशकांतील मुद्रणें किंवा केसरबाईंच्या तबकड्या आजहि ऐकणाऱ्याला थक्क करतात. पण तें श्रेय त्या कलावंतांच्या सामर्थ्याचें आहे. काडेपेटींत मावणारें लुगडें विणणाऱ्या कोष्ट्याची करामत वाखाणावी. काडेपेटी हेंच लुगड्याचें योग्य माप असें म्हणूं नये.

१९४८ सालीं अमेरिकेंत मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी निघाली आणि कालांतरानें ती आपल्याकडे आली, तेव्हां तीन मिनिटांचीं वीस-बावीस मिनिटें झालीं. हा मोठाच लाभ होता. तरीहि अमीरखांसाहेबांच्या सुप्रसिद्ध तबकडीकडे पाहा: एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. दिवस मावळतांना गावयाचा एक राग आणि मध्यरात्रीच्या सुमाराचा दुसरा, यांच्यामधलें अंतर तबकडी उलटण्याएवढें! यांत दोष खांसाहेबांचा नव्हे, कंपनीचाहि नव्हे; तबकडीला दोनच बाजू असतात व प्रत्येकीवर एवढेंच मावतें, हा तो दोष आहे. दीड तासाचा एक राग, मध्यें न उठतां, न तोडतां, जसा गायिला गेला तसा सामान्य माणसाच्या घरीं पोचविणें हें अंकीय ध्वनिमुद्रणानेंच शक्य केलें.

काळाची ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. भूमितीची गोष्ट मात्र फारशी कोणी बोलत नाहीं. तबकडी फिरते एकाच गतीनें, पण खांच बाहेरून आंत जाते. त्यामुळें बारा इंची दीर्घ तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारें ५१ सेंटिमीटर खांच सरकते, तर शेवटास, मधल्या कागदी चकतीजवळ, अवघी २१ सेंटिमीटर. म्हणजे तोच नाद लिहावयास जागा निम्म्याहून कमी, आणि त्या मानानें तेथें विकृति अधिक, विशेषतः वरच्या व जलद नादांत. आतां आपल्या ख्यालाची घडण पाहा. आरंभ मंद्र-मध्याकडे, शांत, विस्तीर्ण आलापानें. आणि शेवट द्रुतांत, तारसप्तकांत, तानांच्या वर्षावांत. जेथें तबकडी सर्वांत सशक्त तेथें गाण्याला तिची गरज कमी, आणि जेथें गाणें शिखराला पोचतें तेथें तबकडी सर्वांत दुबळी! आपल्या संगीताला मुद्दाम प्रतिकूल असें यंत्र शोधावयाचें म्हटलें असतें तरी याहून वेगळें कांहीं सुचलें नसतें.

श्रुतींचा विचार केला तर प्रकरण अधिकच कठीण होतें. तबकडीचें मधलें भोंक नेमकें केंद्रांत असेल असें नसतें. तें थोडें बाजूला गेलें कीं खांच सुईखालीं आळीपाळीनें जलद व मंद सरकते, आणि स्वर वरखालीं झुलतो. समजा, भोंक अर्धा मिलिमीटर ढळलें आहे. आंतल्या खांचांची त्रिज्या सुमारें ६० मिलिमीटर. म्हणजे स्वर एकशेंविसाव्या हिश्श्यानें वर आणि तितकाच खालीं जाणार. एकंदर हेलकावा एक साठांश. प्रमाणश्रुतीचें अंतर ८१ ला ८० एवढें, म्हणजे एक ऐंशींश. याचा अर्थ असा कीं, दर १.८ सेकंदाला तंबोऱ्याचा षड्जच एका प्रमाणश्रुतीहून अधिक झुलत राहतो! मिरजेचा कारागीर तारेखालचा दोरा केसभर सरकवून जी जवारी लावतो, गवई तासभर ज्या षड्जावर कान ठेवून बसतो, त्या षड्जाची ही गत. आणि हेंच माध्यम श्रुतींची सूक्ष्मता जपतें असें आपल्याला सांगण्यांत येतें! अंकीय मुद्रणांत काळ स्फटिकाच्या कंपनांनीं मोजला जातो. तेथें षड्ज जागचा हलत नाहीं.

जुन्या लाखेच्या तबकड्यांची गोष्ट तर याहूनहि निराळी. त्यांना ‘अठ्ठ्याहत्तरच्या’ तबकड्या म्हणतात, पण प्रत्यक्ष मुद्रणाची गति दर वेळीं ७८ च असे असें नाहीं. ७४ च्या गतीनें मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजविली तर गायकाची पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वरानें चढते, लय वाढते, आणि गळ्याचा पोतहि पालटतो. अशा तबकड्या ऐकून कोणा गायकाच्या आवाजाबद्दल मतें बनविलेले रसिक कांहीं थोडे नसतील. ही गति तपासून, पट्टीचा मेळ घालून, मूळ तबकडीला धक्का न लावतां सुधारणें आज सोपें झालें आहे तें अंकीय प्रतीमुळेंच.

येथें कोणी ‘व्हॉयेजर’चा दाखला देईल. १९७७ सालीं अवकाशांत सोडलेल्या त्या दोन यानांवर पृथ्वीची ओळख म्हणून जें संगीत पाठविलें तें सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवरच पाठविलें, आणि त्यांत गोमंतकांत जन्मलेल्या केसरबाई केरकरांची ‘जात कहां हो’ ही भैरवी आहे. तेव्हां चिरंतन माध्यम तबकडीच नव्हे काय? मराठी माणसाला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण ती तबकडी निवडली गेली ती मानवाची कोणतीच सांकेतिक लिपि न जाणणाऱ्या परक्या प्राण्यालाहि खांच आणि सुई यांचा संबंध उमगावा म्हणून. दादर किंवा डोंबिवली येथील श्रोत्याची अडचण तशी नाहीं. शिवाय केसरबाईंचा तो तुकडा साडेतीन मिनिटांचाच आहे, हेंहि विसरूं नये.

याचा अर्थ तबकडीचे उपकार नाहींत असा नव्हे. भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले, अल्लादियाखांसाहेब १९४६ सालीं गेले. त्यांच्या गाण्याची एकहि तबकडी आपल्याजवळ नाहीं, आणि त्यांच्याविषयीं आपण केवळ ऐकीव गोष्टींवर जगतों. अब्दुल करीमखांसाहेब मात्र ऐकूं येतात, ते तबकडीमुळें. ज्या माध्यमानें हें केलें त्याच्याशीं कृतज्ञ राहणें हें कर्तव्यच आहे. पण कृतज्ञता वेगळी आणि अंधभक्ति वेगळी. नदी उतरून गेल्यावर नावेला नमस्कार करावा. नाव डोक्यावर घेऊन चालूं नये.

राहिलें दुसरें विधान: तबकडीवर ऐकणारा तो रसिक. यांतला खरा भाग असा कीं, तबकडी माणसाला बसवून ठेवते. ती बाहेर काढावी लागते, पुसावी लागते, सुई जपून टेकवावी लागते. एवढा खटाटोप केल्यावर माणूस मध्येंच उठत नाहीं. उलट मोबाइलवर अंगठ्याच्या एका हिसक्यानें राग टाकून दुसरा घेतां येतो, आणि मारव्याच्या मध्यावर साबणाची जाहिरात येते. हें दृश्य केविलवाणें आहे यांत शंका नाहीं. परंतु चित्त एकाग्र करणें हा श्रोत्याचा धर्म आहे. तो त्यानें सुईवर सोंपवावा आणि वर त्याबद्दल स्वतःला रसिक म्हणवून घ्यावें, हा कुठला न्याय? सवाई गंधर्व महोत्सवांत सतरंजीवर मांडी घालून तासन् तास ऐकणाऱ्या श्रोत्यांना सुईनें बसविलेलें नव्हतें. ज्याला ऐकावयाचें आहे तो जाहिरात नसलेली प्रत मिळवून, मोबाइल पालथा ठेवूनहि ऐकतो. ज्याला मिरवावयाचें आहे तो तबकडी फिरत असतांनाहि पाहुण्यांना तिची किंमत सांगत बसतो.

आणि या विधानांत जो उद्दामपणा आहे तो मला सर्वांत अधिक खुपतो. तालुक्याच्या गांवीं राहणारी, गाणें शिकूं पाहणारी एखादी मुलगी आज चारपांच हजारांच्या मोबाइलवर मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर, अमीरखां यांचे तासातासांचे ख्याल ऐकूं शकते. एकच तान पन्नास वेळां ऐकून गळ्यांत बसवूं शकते. आणि त्यामुळें कोणाची तबकडी झिजत नाहीं. तिच्या आईच्या पिढीला हें दुर्लभ होतें, आजीच्या पिढीला अशक्य होतें. तिला आपण सांगावयाचें काय, कीं बाई, तूं ऐकतेस तें गाणें नव्हेच? आपल्या संगीताच्या इतिहासांत ही वृत्ति जुनी आहे. चिजा दडवून ठेवणारे उस्ताद होतेच. आणि भातखंड्यांनीं त्या चिजा मिळवून, स्वरलिपींत बांधून क्रमिक पुस्तकांत छापल्या, तेव्हां ‘कागदावर गाणें मरतें’ असें म्हणणारेहि निघाले. कागदावर गाणें मेलें नाहीं. ज्यांच्या घरांत तें कधीं आलें नसतें त्यांच्या घरांत तें गेलें. विद्येचें दार उघडलें कीं आंतली हवा बिघडते ही ओरड नेहमीं आंत बसलेल्यांचीच असते.

अंकीय युगाविरुद्ध तक्रार करावयाचीच असेल तर खऱ्या तक्रारी पुष्कळ आहेत, आणि तबकडीच्या भक्तांनीं आपला आवेश तेथें खर्च केला तर संगीतावर उपकार होतील. गाणें देणाऱ्या या नव्या कंपन्या रागाचें नांव चुकीचें देतात किंवा देतच नाहींत. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मैफल कोणत्या गांवीं व कोणत्या सालीं झाली, यांतलें कांहीं कळत नाहीं. जुन्या तबकडीच्या वेष्टणावर मागच्या बाजूला निदान चार परिच्छेद असत. आतां बोटाएवढ्या चित्राखालीं गायकाचें नांव असलें तरी भाग्य. शिवाय दरमहा भाडें भरून ऐकावयाचें गाणें आपल्या मालकीचें होत नाहीं. करार संपला कीं तें एका रात्रींत नाहींसें होऊं शकतें. हे अन्याय खरे आहेत. पण ते दूर होतात ते चांगली सूचि मागून, प्रत विकत घेण्याचा हक्क मागून; सुई विकत घेऊन नव्हे.

याहूनहि निकडीचें एक काम आहे, आणि हें सर्व लिहिण्याचें खरें कारण तेंच. महाराष्ट्रांत, गोमंतकांत आणि बेळगांव-धारवाडकडे अजूनहि कित्येक घरांच्या माळ्यांवर लाखेच्या तबकड्यांच्या पेट्या पडून आहेत. लाख ही ठिसूळ. हातांतून पडली कीं तुकडे. तबकडीचा गुण असा कीं ती ऐकणें म्हणजेच ती झिजविणें; पूर्वीं पोलादी सुई बाजूगणिक बदलावी लागे, आणि सुई झिजली तशी खांचहि झिजली. म्हणजे जो भक्त आपली दुर्मिळ तबकडी रोज भक्तिभावानें वाजवितो तोच तिला थोडथोडी मारीत असतो. तिची एक चांगली अंकीय प्रत, योग्य मापाच्या सुईनें, योग्य गतीनें, लेबलावरच्या मजकुरासह व क्रमांकासह काढून ठेवली, कीं ती हजार वेळां ऐकली तरी उणी होत नाहीं, आणि तिच्या प्रतीची प्रत मूळाइतकीच खरी राहते. हें काम सुरू झालेलें नाहीं असें नाहीं. १९८२ सालीं स्थापन झालेलें अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचें संगीत-संग्रहालय आणि १९९० सालीं मुंबईंत स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स यांनीं या दिशेनें मोलाचा उद्योग केला आहे. कायद्याचीहि मोठी अडचण नाहीं. आपल्या देशांत ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यावर ६० वर्षांनीं त्यावरील हक्क संपतो, म्हणजे लाखेच्या तबकड्यांचें जवळजवळ सारें धन आतां सर्वांचें आहे. उणीव आहे ती घराघरांतून पेट्या बाहेर येण्याची.

आपल्याला हें शिकविण्याची खरें तर गरज पडूं नये. पुण्यास भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें आणि १९६६ सालीं तें पुरें केलें. त्यासाठीं हजाराहून अधिक पोथ्या ताडून पाहिल्या. पोथ्या जपल्याच पाहिजेत हें त्या विद्वानांना कोणी सांगावें लागलें नाहीं. पण महाभारत हें भूर्जपत्रांत आहे, छापलेल्या पानांत तें मेलेलें आहे, असें त्यांच्यापैकीं कोणी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. पोथी पूज्य आहे ती तिच्यांतील संहितेसाठीं. तबकडीलाहि हाच न्याय लागू आहे. जुन्या तबकड्या जपाव्या, त्यांवरचा मजकूर टिपून ठेवावा, त्या कोरड्या जागीं उभ्या लावाव्या. पण त्यांतलें गाणें तेथून बाहेर काढून चहूंकडे जाऊं द्यावें.

म्हणून ज्या सद्गृहस्थांनीं यंदा नवें यंत्र व दहा-वीस नव्या छापाच्या तबकड्या घेण्याचा बेत केला असेल त्यांना माझी विनंति एवढीच आहे कीं, तत्पूर्वीं त्यांनीं आपल्या माळ्यावरची आजोबांची पेटी खालीं काढावी, आंतल्या तबकड्यांची यादी करावी, आणि ती यादी एखाद्या जाणत्या संग्राहकाकडे पाठवावी. त्यांतली एखादी तबकडी अशी निघेल कीं जिची दुसरी प्रत आतां कोठेंच उरलेली नाहीं. पुढच्या पावसाळ्यापूर्वीं हें झालें तर बरें. माळ्यांवर ओल येते.